कागदावरचं भाडं आणि घराचा विमा

आपल्या ओळखीच्या दहा घरांमध्ये असं एक तरी घर निघतं. वडिलांनी आखातात किंवा बोटीवर पंधरा-वीस वर्षं काढली, गावी नाहीतर तालुक्याच्या ठिकाणी दुमजली घर बांधलं. खाली घरचे राहतात, वर दोन बिऱ्हाडं भाड्याने दिलेली. वडील मरहूम झाले, मुली सासरी गेल्या, मुलगा पुण्या-मुंबईला नोकरीला लागला. आता अम्मीचा दवा-दारूचा, किराण्याचा, वीजबिलाचा खर्च त्या वरच्या दोन भाड्यांवर चालतो. मुलगा पैसे पाठवतो, पण त्याच्याकडे हात पसरावा लागत नाही, याचं अम्मीला मोठं समाधान असतं.

ते घर म्हणजे त्या माउलीची पेन्शन आहे. आणि तिला एका वादळाचं, एका पुराचं किंवा एका आगीचं अंतर आहे.

हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड या भागात किती घरांची छपरं उडाली, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ ला, वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये आणि सावित्रीचं महाडमध्ये शिरलं. तळमजले पाण्याखाली गेले. २०१९ ला सांगली-कोल्हापूरने तेच पाहिलं होतं. अशा वेळी तलाठ्याचा पंचनामा होतो, सरकारी मदत मिळते, जमातीचे लोक आणि शेजारी धावून येतात. पण ती मदत सावरायला असते. भिंती पुन्हा उभ्या करायला आणि बुडालेलं भाडं भरून द्यायला ती पुरत नाही.

गाडीचा विमा आपण सगळे काढतो, कारण कायद्याने तो काढावाच लागतो. पंधरा-वीस लाखांच्या घराचा विमा मात्र फार थोड्यांकडे दिसतो. भाड्याने दिलेल्या घराचा तर त्याहून कमी. म्हणून या महिन्यात त्याविषयी.

पॉलिसीत काय मिळतं?

विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी एक प्रमाणित पॉलिसी आणली. तिचं नाव ‘भारत गृह रक्षा’. आग आणि तत्सम धोक्यांचा विमा विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला ही पॉलिसी ठेवावी लागते आणि मूळ अटी सगळीकडे सारख्याच असतात. हप्ता मात्र कंपनीगणिक बदलतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारावं. फक्त इमारतीचा हप्ता बहुधा एका महिन्याच्या भाड्याहून कमीच निघतो.

यात आग, वीज पडणं, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, दंगल, संप, कुणी मुद्दाम केलेली नासधूस आणि दहशतवादी कृत्य एवढ्यांचं संरक्षण आहे. पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसानही आहे. अशी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत तिथून चोरी झाली, तर तीही धरली जाते.

घरमालकासाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या धोक्यांपैकी एखाद्यामुळे घर राहण्याजोगं उरलं नाही आणि त्यामुळे भाडं बुडालं, तर बुडालेल्या भाड्याची तरतूदही या पॉलिसीत आहे. पुष्कळांना ते माहीतच नसतं. एजंट सांगत नाही आणि आपण विचारत नाही. पॉलिसी घेताना भाड्याची रक्कम आणि किती महिन्यांपर्यंत ते मिळेल, हे शेड्यूलमध्ये लिहून आलं आहे का, एवढं नक्की तपासा.

रक्कम कशी ठरवायची?

इथे मोठा गोंधळ होतो. “आमच्या घराची किंमत साठ लाख” असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात जमिनीची किंमतही असते. जमीन जळत नाही. विमा उतरतो तो बांधकामाचा. तेच बांधकाम आज पुन्हा करायला जो खर्च येईल, ती विम्याची रक्कम.

फळ्यावर मांडावं तसं सोपं गणित करू. घराचा एकूण कार्पेट एरिया १५० चौरस मीटर आहे. तुमच्या भागात बांधकामाचा खर्च चौरस मीटरला २०,००० रुपये येतो असं समजा. १५० गुणिले २०,००० म्हणजे ३० लाख. ही इमारतीची विमा रक्कम. एक चौरस मीटर म्हणजे साधारण पावणेअकरा चौरस फूट, हे लक्षात ठेवलं म्हणजे गवंड्याचा फुटाचा दर बदलून घेता येतो. कंपाउंडची भिंत, शेड, सौर पॅनल यांचा खर्च त्यात वेगळा धरायचा.

इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला विमा रकमेच्या २० टक्के इतकं संरक्षण आपोआप मिळतं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. वरच्या उदाहरणात ते ६ लाख होतं. त्यासाठी सामानाची यादी द्यावी लागत नाही. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी मात्र वेगळी भर घ्यावी लागते.

पॉलिसी एका वर्षाची घेता येते, तशी दहा वर्षांपर्यंतचीही. लांब मुदतीच्या पॉलिसीत इमारतीची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, म्हणजे सिमेंट-लोखंड महागलं तरी विमा मागे पडत नाही. नुकसान झाल्यावर मलबा हलवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट, इंजिनियर यांची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते.

काय मिळत नाही?

हे आधी समजून घेतलं तर पुढचा मनस्ताप वाचतो.

भाडेकरूने भाडं थकवलं किंवा न सांगता निघून गेला, तर ही पॉलिसी पैसे देत नाही. भाडं मिळतं ते घर एखाद्या विमाकृत घटनेने निकामी झालं तरच.

भाडेकरूचं सामान तुमच्या पॉलिसीत येत नाही. तुम्ही बसवून दिलेले पंखे, गीझर, कपाट तुमच्या सामानात मोडतात. त्याचा फ्रिज, टीव्ही, शिलाई मशीन त्याच्या स्वतःच्या विम्यात. फक्त सामानाचा विमा भाडेकरूलाही घेता येतो. घर देताना हे त्याला मोकळेपणाने सांगावं. “मालकाचा विमा आहे, आपलंही भागेल” या समजुतीत तो राहू नये.

शॉर्ट सर्किटने वॉशिंग मशीन जळलं, तर त्या मशीनचे पैसे मिळत नाहीत. त्यातून आग पसरून घर जळलं, तर घराचे मिळतात.

तुमच्या सज्जाचा तुकडा पडून रस्त्यावरचा माणूस जखमी झाला, तर त्याची भरपाई या मूळ पॉलिसीत नाही. त्यासाठी दायित्वाचं संरक्षण वेगळं मागावं लागतं. तीन-चार बिऱ्हाडं असलेल्या इमारतीच्या मालकाने ते जरूर विचारावं.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गंजलेल्या सळया, निकृष्ट बांधकाम, वर्षानुवर्षांची गळती यांनी इमारत खचली, तर विमा उपयोगी पडत नाही. बांधकामातला दोष आणि झीज यांना पॉलिसी जबाबदार नसते. ऑगस्ट २०२० मध्ये महाडची पाच मजली इमारत कोसळून सोळा जण गेले. पुढच्याच महिन्यात भिवंडीत पहाटेच्या झोपेत इमारत कोसळली. ते जनाजे आपण विसरलेलो नाही. विमा हा डागडुजीला पर्याय नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. महानगरपालिका हद्दीत तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणंही बंधनकारक आहे. भाडं घेणाऱ्यावर वर राहणाऱ्यांच्या जिवाचा हक्क असतो. हुकूक-उल-इबादमध्ये तोही येतो.

खरं लिहा

इतकं सांगून आता मूळ मुद्द्यावर येतो. विमा हा करार आहे आणि तो तुम्ही दिलेल्या माहितीवर उभा असतो. माहिती खोटी निघाली तर हप्ते भरूनही हातात काही येत नाही. आपल्याकडे चार ठिकाणी हमखास घोटाळा असतो.

पहिला घोटाळा भाड्याचा. दोन बिऱ्हाडांचं मिळून भाडं १२,००० रुपये येतं. पण करारात ७,००० दाखवलेलं असतं आणि बाकीचे रोख घेतले जातात. कारण कर वाचवायचा असतो. आता घर पुरात निकामी झालं आणि दुरुस्तीला पाच महिने लागले असं समजा. खरं नुकसान ६०,००० रुपयांचं. कागदावर सिद्ध होतं ते ३५,००० चं. २५,००० रुपये आपणच आपल्या हाताने बुडवले. आणि ज्या करासाठी हे केलं, त्यात तरी किती वाचतं? भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. त्या अम्मीचं दुसरं उत्पन्न नसेल, तर वर्षाच्या दीड लाख भाड्यावर तिला आयकर लागतच नाही. मग लपवायचं कशासाठी?

काही ठिकाणी तर करारच नसतो. “आपलाच माणूस आहे, कागद कशाला?” असं म्हणतात. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणीकृत करार नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. आता लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी ऑनलाइन होते. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, ही शिकवण आपल्याला कुणी नव्याने द्यायला नको.

दुसरा घोटाळा वापराचा. अर्जात “स्वतः राहतो” लिहायचं आणि घर भाड्याने द्यायचं. किंवा “राहतं घर” लिहायचं आणि खाली बेकरी, गॅरेज किंवा गोडाऊन चालवायचं. ‘भारत गृह रक्षा’ राहत्या घरासाठी आहे. खाली दुकान असेल तर ते कंपनीला लेखी कळवा. दुकान-धंद्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी प्रमाणित पॉलिसी आहे, ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. भाडेकरू असल्याचं सांगितल्याने काही बिघडत नाही. लपवल्याने बिघडतं. घर काही महिने रिकामं राहणार असेल, तेव्हा त्याबद्दलची अट काय आहे, तेही कंपनीकडून लेखी मागून घ्या. गल्फमधल्या भावांच्या बंद घरांसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

तिसरा घोटाळा क्षेत्रफळाचा. दोन मजल्यांची परवानगी, तिसरा मजला पत्र्याचा चढवलेला, आणि अर्जात क्षेत्रफळ मात्र जुनंच. जे बांधकाम लिहिलंच नाही, त्याचे पैसे मागायचे कसे?

चौथा घोटाळा मालकीचा, आणि तो आपल्या घरांत जास्त आहे. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी मिळकत पत्रिकेवर त्यांचंच नाव असतं. घर एक भाऊ सांभाळतो, भाडं तो घेतो, विमाही तोच आपल्या एकट्याच्या नावाने काढतो. नुकसान झालं की कंपनी विचारते, मालक कोण? तेव्हा धावपळ सुरू होते. वारस नोंद करून घ्या आणि सगळ्या वारसांची नावं पॉलिसीत घाला. आणि नुकसानभरपाई आली, तर तिच्यातही सगळ्यांचा हिस्सा आहे. आईचा आठवा हिस्सा आणि बहिणींचा हिस्सा घराच्या भिंतीत जसा आहे, तसाच त्या भिंतीच्या भरपाईतही आहे. “बहिणींनी माफ केलं” असं त्यांना न विचारताच गृहीत धरण्याची आपली सवय मोडायला हवी.

बँकेचं कर्ज असेल तर एक गोष्ट आणखी बघा. गृहकर्जासोबत जो विमा दिलेला असतो, तो पुष्कळदा कर्जदाराच्या जीवाचा असतो, इमारतीचा नव्हे. कागद काढून वाचा.

जायज आहे का?

हा प्रश्न वाचक विचारणारच, आणि विचारायलाच हवा. मी मुफ्ती नाही, शिक्षक आहे. मला माहीत आहे ते सांगतो, निर्णय तुम्ही तुमच्या आलिमांना विचारून घ्या.

जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८५ मध्ये व्यापारी विमा नाजायज ठरवला. ठरलेल्या हप्त्याच्या करारात मोठी अनिश्चितता, म्हणजे गरर, असते, हे त्याचं कारण. परस्पर सहकार्यावर चालणाऱ्या विम्याला अकादमीने मान्यता दिली. त्यालाच आज तकाफुल म्हणतात. मलेशियात त्यासाठी १९८४ पासून कायदा आहे. आपल्या देशात मात्र तकाफुल कंपनी नाही. भारतातल्या उलमांमध्ये दोन्ही मतं आहेत. काही जण मनाई करतात. काही जण, विशेषतः दंगलींमध्ये लोकांची घरं-दुकानं जळालेली पाहून, मालमत्तेच्या विम्याला जरुरतेखाली सवलत देतात. विचारायला जाल तेव्हा अर्धवट प्रश्न विचारू नका. ही बचतीची पॉलिसी नाही, मुदत संपल्यावर पैसे परत येत नाहीत, घर कुठे आहे, धोका कोणता आहे, भाड्यावर कोण अवलंबून आहे, हे सगळं सांगा.

ज्यांचं मन विमा घेण्यास तयार होत नाही, त्यांनीही हात बांधून बसू नये. भाड्यातले ५ टक्के दर महिन्याला बाजूला काढा. १२,००० भाड्याचे ६०० रुपये, वर्षाचे ७,२००. हा पैसा फक्त इमारतीसाठी, लग्नासाठी नाही. एका मोहल्ल्यातल्या दहा घरमालकांनी मिळून असा निधी केला तर छप्पर उडालेल्या एकाला नऊ जणांचा हात मिळेल. तवक्कुल म्हणजे दार उघडं टाकून झोपणं नव्हे.

नुकसान झालंच तर

आधी माणसं आणि वीजपुरवठा सांभाळा. मग लगेच कंपनीला लेखी कळवा. आग असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल घ्या. चोरी, दंगल किंवा नासधूस असेल तर पोलिसांत तक्रार द्या. सर्वेक्षक येईपर्यंत फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा, मोडलेलं सामान घाईने भंगारात देऊ नका. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, विमा कंपनीचा सर्वेक्षक वेगळा. दोन्ही करून घ्या.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी फी नाही आणि वकील लागत नाही. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत.

येत्या सुट्टीत मुलगा घरी येईल तेव्हा त्याला अम्मीसोबत बसवा आणि चार कागद टेबलावर काढा: मिळकत पत्रिका किंवा घराचा आठ-अ उतारा, मालमत्ता कराची पावती, भाडे करार आणि असेल ती पॉलिसी. चारही कागदांवर नाव, क्षेत्रफळ आणि भाडं जुळतं का, ते बघा. जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करा आणि विमा त्यानंतर घ्या. हे काम जून उजाडायच्या आत झालेलं बरं.

अल्लाह आपल्या सर्वांची घरं आणि त्यात राहणाऱ्यांना सलामत ठेवो. आमीन.